राक्षसानं ओ दिली

आमच्या वाडीत राक्षस नुसता मारून भागत नाही. तो मेला का, हे त्यालाच विचारावं लागतं.

बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. हसू दे. शिमग्यात देवाची पालखी आमच्या वाडीच्या सहाणेवर येते. सहाण म्हणजे पालखी टेकवायचा चिऱ्यांचा चौथरा. पालखी बसली की समोरच्या मोकळ्या कातळावर आमचे खेळे होतात. आधी गण, मग गवळण, मग वग. वगातला राजा दर साली वेगळा, त्याचं राज्य वेगळं, पण शेवट ठरलेला. राजा राक्षसाला मारतो. मग प्रधान पुढं येतो आणि पडलेल्या राक्षसाला तीन वेळा हाक देतो, "राक्षसा, हायस का गेलास?" तिन्ही वेळा राक्षस गप्प. मग गावकर, म्हणजे देवाचा पहिला मान ज्यांच्या घराकडे आहे ते, सहाणेवरून उठतात आणि सांगतात, "गेला." तो शब्द पडला की मृदंगावर थाप पडते आणि पालखी उचलतात. तोवर पालखी हलत नाही, मग पुढच्या वाडीतली माणसं आरती धरून ताटकळेनात का.

हे असं का, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. माझे वडील राक्षस होते, त्यांच्या आधी त्यांचे चुलते. मुखवटा आमच्याच घरात असतो. पांगाऱ्याच्या लाकडाचा, वजनाला हलका, पण आत डोकं घातलं की हलका वाटत नाही. वडिलांनी सोंग खाली ठेवलं तेव्हा माझं लग्न झालं नव्हतं. आता नातवंडं लग्नाला आली. मधल्या सगळ्या शिमग्यांत मी मेलो.

शाळा मी चौथीपर्यंत केली, तीही धड नाही. चिरेखाणीवर चिरे काढले, पावसात भात लावलं, काजूची बाग केली. या कामांत मला कुणी शहाणा म्हटलं नाही. पण मरण्यात म्हटलं. वेळणेश्वरकडची माणसं टेम्पो करून माझं मरण बघायला येत. दाभोळचा एक मासळीवाला तर दर साली यायचा. म्हणायचा, "चाचा, बाकीचं नाटक माझ्या टाळक्यात शिरत नाही, पण तुमचं मरण एक नंबर." ही बढाई नाही. आहे ते सांगतो.

बाण लागला की नवखा माणूस धपकन पडतो. तसं कुणी मरत नाही. आधी एक गुडघा जातो. मग माणसाला वाटतं आपण सावरू, तो हात टेकतो, आणि मग हात जातो. पडल्यावर श्वास पोटात घ्यायचा, छातीत घेतला तर पुढच्या रांगेला दिसतो. बोटं मिटायची नाहीत, उघडीच टाकायची. आणि प्रधानानं हात उचलून सोडला की तो ओल्या पंच्यासारखा पडला पाहिजे. वडिलांनी मला हे दाखवलं नव्हतं. माझं मी बसवलं.

प्रधान माझ्याच वयाचा, माझा लहानपणचा सोबती. वाडीत त्याचं किराणा दुकान आहे. हाका द्यायच्या आधी राक्षस मेला का ते बघायचं काम त्याचं, आणि लोक त्यातच हसतात. तो काठी टोचणार, तळपायाला गुदगुल्या करणार, पोटाला कान लावून "आत मिरगुंडं तळतायत ओ!" असं ओरडणार. एका साली त्यानं मुखवट्याच्या नाकाखाली तपकीर धरली. ती शिंक मी आतल्या आत दाबली. ती अजून बाहेर आलेली नाही, असं मी त्याला सांगतो.

इतकं सगळं सोसून मी कधी हललो नाही. म्हणून गेल्या शिमग्यात जे झालं त्याचा मला उलगडा होत नाही.

गेल्या साली राजा नवीन होता. माझा पुतण्या, सख्ख्या भावाचा मुलगा. मुंबईला असतो, शिमग्याला न चुकता येतो. अंगानं उंच, आवाज चांगला. पण तालमीच्या पहिल्याच दिवशी त्यानं मोडता घातला.

"काका, एक बाण पुरायचा नाय."

"का? इतकी वर्षं पुरला."

"लोकांना पटत नाय आता. पिक्चरात बघा ना तुमी. व्हिलन पडला म्हणून हिरो पाठ फिरवतो, नि हा मागनं उठून बसतो. शेंबडं पोर पण सांगतं, थांब, हा उठणार. म्हणून मी काय करतो, बाण मारतो, मग तलवार खुपसतो, मग जाता जाता परत फिरतो नि एक लाथ घालतो."

"लाथ कुणाला?"

"राक्षसाला, काका. तुम्हाला नाय."

"आत कोण असतो रं?"

सगळे हसले. प्रधान कट्ट्यावर बिडी ओढत बसला होता. तो म्हणाला, "लाथ नको रे बाबा. ह्याचं हाड मोडलं तर हा उठायचा नाय, नि मलाच पाठुंगळी मारून न्यायला लागंल. माझी कंबर आधीच गेलेली."

"पण खात्री नको का?" पुतण्या म्हणाला.

"खात्री करायला मी हाय ना. तीनदा विचारतो त्याला."

"प्रधानकाका, मेलेल्याला विचारून काय कळतं?"

प्रधानानं बिडी कट्ट्यावर विझवली. शेवटी बाण आणि तलवार ठरलं, लाथ राहिली. मला राग आला होता हे खरं. एका बाणात मरणारा माणूस मी, मला दोनदा मारायचं म्हणजे माझ्या मरणावर विश्वास नाही असंच झालं. पण मी ते मनात ठेवलं नाही. लोक पुढं जे म्हणाले की ह्यानं पुतण्यावर डूख धरला, ते खोटं आहे. डूख धरायचा तर मी तोंडावर धरतो.

खेळ्यांच्या दिवशी दुपार कलली तरी कातळ तापलेलाच होता. खाली सतरंजी होती, तिच्यातून चटके लागत होते. कापसाची दाढी, काळा झगा, वर मुखवटा. गुहागरच्या बाजारातून नवीन घुंगरं आणली होती, ती पायात. माणूस खूप जमलं होतं. मी नाचलो, गर्जना केली, राजाच्या मुलीला पळवली, सगळं बरोबर झालं. मग युद्ध. बाण लागला, गुडघा गेला, हात टेकला, हात गेला. पुढच्या रांगेतली बाई "आई गं" म्हणाली ते मी ऐकलं. मी मनात म्हटलं, आजचं चांगलं उतरलं. मग पुतण्यानं तलवार खुपसली. काखेतून काढून झग्यात अडकवली, ठरल्याप्रमाणे. तोही चुकला नाही.

मुखवट्याच्या तोंडाच्या फटीतून मला थोडं दिसत होतं. कातळ, सतरंजीची कड, आणि प्रधानाचे पाय. टाचांना ह्या एवढ्या भेगा. त्यानं काठी टोचली. लोक हसले. त्यानं माझा हात उचलून सोडला, तो पडला. त्यानं परत उचलला, परत सोडला. हे ठरलेलं नव्हतं, पण प्रधान मधे मधे घालतो काहीतरी. मग पहिली हाक.

"राक्षसा, हायस का गेलास?"

मी गप्प. दुसरी हाक. मी गप्प. मला कसला त्रास नव्हता. घेरी नव्हती, छातीत काही नव्हतं, झोप लागली नव्हती. मी तिथं पडलो होतो आणि सगळं ऐकत होतो. तिसरी हाक आली.

आणि मी म्हटलं, "हाय."

मोठ्यानं नाही. आपण पडवीत काही करत असतो, वाटेवरून कुणी ओरडतं, घरात हायसा काय, आणि आपण हातातलं काम न सोडता म्हणतो, हाय हाय, या. तसं. माझंच तोंड, माझाच आवाज, पण आपण बोलणार आहोत हे मला आधी कळलं नाही. बोलून झाल्यावर कळलं.

मृदंगवाल्यानं थाप मारायला हात उचलला होता, तो वरच राहिला. मग मागून कुणीतरी ओरडलं, "राक्षस बोलला रे!" आणि जो काय हशा पिकला! लोकांना वाटलं वगातच आहे. पुतण्या हुशार, त्यानं संधी साधली. तलवार उपसून लोकांकडे वळला आणि म्हणाला, "पाहिलंत? प्रजाजन हो, दुष्ट कधी एका घावात मरत नाही!" आणि मला परत मारलं. ह्या खेपेला जरा जोरात. टाळ्या पडल्या.

मी परत मेलो. पडलेलाच होतो, त्यामुळं नुसता एक झटका दिला आणि बोटं उघडी टाकली. प्रधानानं परत हाका सुरू केल्या. पहिली. दुसरी. आता मी जागा होतो, म्हणजे आधीही होतोच, पण आता पक्कं ठरवलं होतं की जीभ टाळ्याला लावून ठेवायची. लावली होती. शपथेवर सांगतो, लावली होती.

"राक्षसा, हायस का गेलास?"

"हाय."

ह्या वेळी कुणी हसलं नाही.

पुढचा वेळ माझ्या आयुष्यातला सगळ्यात अवघड. मला उठता येईना. म्हणजे अंगात बळ होतं, पण उठावं तर कोण म्हणून उठावं? राक्षस म्हणून उठलो तर परत युद्ध करायला पाहिजे, आणि वगात ते नाही. माणूस म्हणून उठलो तर राक्षस मेलाच नाही. आणि मेलेला म्हणावं तर मी नुकताच बोललो. म्हणून पडून राहिलो. वर चर्चा चालू झाली, ती मी पडल्या पडल्या ऐकली.

गावकर सहाणेवरून खाली आले. "काय चाललंय हे?"

"तो हाय म्हणतोय," प्रधान म्हणाला.

"ते मी ऐकलं. का म्हणतोय?"

"ते मना काय म्हाईत?"

एकजण म्हणाला, "गावकर, तुमी म्हणा गेला, नि उचला पालखी. पुढच्या वाडीवाल्यांचे फोन येतायत."

"गेला कसा म्हणू? तो दोनदा हाय बोलला. पालखी समोर असताना खोटं बोलू?"

"मग खराच मारायचा काय त्याला?"

तेव्हा बायांच्या बाजूनं माझ्या बायकोचा आवाज आला, "हात तर लावून बघा कोणी!" बाया खिदळल्या. मला बरं वाटलं आणि लाजही वाटली.

पुतण्या माझ्या कानाशी वाकला. "काका, बरं वाटत नाय काय? पाणी देऊ?"

मी मुखवट्याच्या आतून म्हटलं, "मला काय झालेलं नाय."

"मग ओ कशाला देताय?"

"मला नाय म्हाईत."

"काका, प्लीज. एकदा गप्प रहा. फक्त एकदा."

"रहातच होतो रं मी," मी म्हटलं. त्याला ते पटलं नाही. मला तरी कुठं पटत होतं.

मग तोडगा काढला तो प्रधानानं. तो म्हणाला, राक्षस कोण? मुखवटा. बोलला कोण? हा. तर ह्याला बाजूला करा आणि मुखवट्याला विचारा. गावकर पालखीकडं बघून म्हणाले, चालेल.

आमच्याकडं राक्षसाचा मुखवटा चारचौघांत काढत नाहीत. चारजण राक्षसाला उचलून पडद्यामागं नेतात, तिथं तो काढायचा. माझ्या वडिलांना मुखवट्याशिवाय झग्यात घरच्यांनीसुद्धा कधी बघितलं नव्हतं. माझा मुखवटा त्या दिवशी सगळ्यांदेखत प्रधानानं आणि पुतण्यानं काढला. ऊन डोळ्यांत घुसलं. कापसाची दाढी एका कानाला लोंबत राहिली. समोर सगळी ओळखीची तोंडं, आणि ती अशी बघत होती की जणू मी परवानगी नसताना कुणाच्या घरात घुसलोय.

मुखवटा सतरंजीवर ठेवला. मला बाजूला उभा केला. प्रधानानं मुखवट्याला हाक दिली. तो गप्प. दुसरी दिली. गप्प. तिसरी हाक द्यायच्या आधी प्रधानानं माझ्याकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. मी दोन्ही हात तोंडावर घट्ट धरले. मला स्वतःची भीती वाटली, ती आयुष्यात पहिल्यांदा. तिसरी हाक झाली. मुखवटा गप्प राहिला. गावकर म्हणाले, "गेला." थाप पडली, पालखी उठली, गुलाल उडाला, माणसं नाचत नाचत पालखीमागं निघून गेली.

मी तिथंच उभा. इतकी वर्षं मरणारा मी, आणि मेला तो लाकडाचा तुकडा. माझ्यावाचून.

घरी आल्यावर बायकोनं पेज वाढली, सुकटाची चटणी वाढली, आणि मग म्हणाली, "मी मागल्या दारानं चार हाका मारते तेव्हा कानात बोळे असतात तुमच्या. नि मेल्यावर बरी ओ दिलीत."

"मुद्दाम नाय दिली."

"मग मला मुद्दाम देत नाय, असं म्हणायचंय काय?"

मी पेज प्यायलो.

दुसऱ्या दिवशी ती मला तालुक्याला डॉक्टरांकडं घेऊन गेली. मी जात नव्हतो, पण तिनं एसटीत बसवलंच. डॉक्टरांनी प्रेशर बघितलं, साखर बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली. विचारलं, "तुम्ही तेव्हा शुद्धीवर होता का?" मी म्हटलं, "राक्षस नव्हता, मी होतो." ते हसले. म्हणाले, "आजोबा, ह्या वयात तुमचं सगळं माझ्यापेक्षा बरं आहे." बायकोनं विचारलं, मग हे बोलले का? डॉक्टर म्हणाले, ते मला नाही सांगता यायचं. भला माणूस. ठाऊक नाही तर ठाऊक नाही म्हणाला.

बाकीच्यांना मात्र सगळं ठाऊक होतं. एसटीच्या थांब्यावरच्या चहावाल्याकडं बसलं की प्रत्येकाकडं एक कारण. कुणी म्हणे, मी टाकली होती. मी दारूला कधी शिवलो नाही. कुणी म्हणे, पुतण्याचा खेळ बिघडवायचा होता. कुणी म्हणे, अंगात वारं आलं. एक म्हातारा म्हणाला, राक्षसाचाच जीव अडकला असेल, दर साली मारून मारून त्यालाही कंटाळा आला असेल. पोरं वाटेत भेटली की ओरडायची, "काय ओ, हाय काय?" आणि मी बोलायच्या आत पळायची. प्रत्येक कारण मी घरी नेऊन नीट उलटून पालटून बघितलं. एकही माझ्या मापाचं निघालं नाही. मला राग नव्हता, दारू नव्हती, वारं नव्हतं. मला विचारलं आणि मी होतो, एवढंच मला आठवतं. पण तसा तर मी दर साली होतो. तेव्हा का नाही बोललो?

मुंबईकर परत जायच्या आधी देवळात बैठक बसली. एरवी बैठकीत पालखीच्या खांद्यावरून भांडणं असतात, त्या दिवशी विषय मीच. मला खरं तर एकच धास्ती होती. सोंग जातंय की राहतंय. घर, बाग, काजू, ह्यांतलं काही मागितलं असतं तर मी इतका वेळ जागा राहिलो नसतो. सोंग गेलं तर वाडीत मी कोण? काजूवाला म्हातारा. असे घरोघरी आहेत.

गावकरांनी सरळ विचारलं, "काय झालं होतं?"

मी तोंड उघडायच्या आत प्रधान उठला. म्हणाला, "चूक माझी हाय."

सगळे बघायला लागले. मीही.

"ह्याचा हात उचलून सोडला ना, तो पडला तो लय जड पडला. मी परत उचलला. तसाच. मी घाबरलो. वाटलं हा खराच गेला. आमचं वय काय कमी हाय? दोन हाका मी राक्षसाला दिल्या. तिसरी ह्याला दिली. तोंडानं राक्षसा म्हटलं, पण विचारलं ह्याला. माझ्या आवाजात तसं आलं असंल. ह्यानं ओ दिली. दोस्तानं हाक मारल्यावर कोण ओ देत नाय?"

बैठक एकदम सैल झाली. कुणीतरी "हात्तिच्या" म्हणालं. मृदंगवाला हसला. गावकरांच्या कपाळावरची आठी गेली. पुतण्या माझ्या गुडघ्यावर हात मारून म्हणाला, "बघा काका, सुटला प्रश्न." सगळ्यांना कारण मिळालं होतं, आणि चांगलं कारण होतं. मला माझ्या सोबत्याबद्दल इतकी माया कधी वाटली नव्हती. माझा हात जड पडला हेही त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, त्याचा मला अभिमानच वाटला.

गावकर म्हणाले, "मग झालं तर. पुढच्या साली प्रधानानं नीट विचारायचं, नि तू गप्प रहायचं. राहशील ना?"

एवढंच म्हणायचं होतं, राहीन. समोर सगळे त्याचीच वाट बघत होते. बाहेर कुणीतरी चपला घालायलाही लागलं होतं. मी प्रधानाकडं बघितलं आणि मला दुसरी खेप आठवली. पुतण्यानं मला परत मारलं, आणि परत हाका झाल्या. तेव्हा तर प्रधानाला ठाऊक होतं की मी जिवंत आहे. तेव्हा भीती नव्हती, तेव्हा तिन्ही हाका राक्षसालाच होत्या. आणि माझी जीभ टाळ्याला होती. तरी मी बोललो.

मी प्रधानाला विचारलं, "दुसऱ्या खेपेला कुणाला विचारलंस?"

"राक्षसाला."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा. मेल्या, आता गप्प बस ना." तो हळूच म्हणाला, पण सगळ्यांनी ऐकलं.

"काका, नुसतं हो म्हणा," पुतण्या म्हणाला.

गावकरांनी परत विचारलं, "गप्प राहशील ना?"

मी म्हटलं, "मला म्हाईत नाय."

"म्हणजे?"

"म्हणजे रहायचा मी प्रयत्न करीन. पण राहीन का ते मला म्हाईत नाय. ह्या साली पण मी गप्पच रहाणार होतो."

पुतण्यानं कपाळाला हात लावला. प्रधान भिंतीकडं बघायला लागला. मी खोटं बोललो असतो तर कुणाचं काही गेलं नसतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण जे माझं मला ठाऊक नाही त्याची हमी मी देवळात बसून कशी देणार? आणि दिली, आणि पुढच्या शिमग्यात परत तोंडातून निघालं, तर मग मी खोटा, आणि वर वाईट मेलेला.

गावकरांना वाईट वाटत होतं, हे दिसत होतं. शेवटी म्हणाले, "मग सोंग दुसऱ्यानं घ्यावं. सोंगाचा मान तुमच्याच घरात राहील. पुतण्या घेऊ दे." पुतण्या म्हणाला, त्याला नको, तो राजाच बरा. गावकर म्हणाले, उंच आहेस, आवाज आहे, राजा कुणीही होतो. त्याला नाही म्हणता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मुखवटा न्यायला आला. मी आधीच पुसून ठेवला होता. त्यानं लगेच घेतला नाही. पडवीत बसला, चहा प्यायला, आणि म्हणाला, "काका, शिकवा."

मी त्याला झोपवला. श्वास पोटात घे म्हटलं. त्याला ते जमायला वेळ लागला, मुंबईची माणसं छातीतच श्वास घेतात. बोटं उघडी टाक म्हटलं. हात उचलून सोडला, तो ताठ. परत सोडला, परत ताठ. मग म्हटलं, हात तुझा नाहीच असं समज. तेव्हा पडला. बरा पडला. मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला का, सांगता येत नाही. मी त्याला म्हटलं, ठीक आहे, अजून जड पाहिजे.

तो उठून बसला आणि म्हणाला, "आणि हाकेला गप्प कसं रहायचं?"

मी सांगायला तोंड उघडलं. इतक्या वर्षांत हजार गोष्टी मी बसवल्या होत्या, गुडघ्याच्या, श्वासाच्या, शिंक दाबायच्या. ही बसवलेली नव्हती. गप्प रहाणं मी कधी केलंच नव्हतं. ते होत होतं. तो चहाचा रिकामा पेला हातात घेऊन माझ्याकडं बघत राहिला.

"ते तुझं तू बघ," मी म्हटलं.

त्याला वाटलं मी रागावलो. मुखवटा टॉवेलात गुंडाळून, पाया पडून गेला.

आता शिमगा जवळ आलाय. प्रधान दोनदा येऊन गेला. म्हणतो, समोर बस, पहिल्या रांगेत, तुझ्यासाठी खुर्ची ठेवतो. इतकी वर्षं मी खेळ्यांत आहे आणि आमचा राक्षस पुढून मरताना कसा दिसतो ते मी कधी बघितलेलं नाही. बघावंसं वाटतं. पण प्रधान हाका द्यायला लागला की मी काय करीन, ते काही कळत नाही. बायको म्हणते, माझ्या शेजारी बसा आणि तोंडात विडा धरा. मी तिला अजून हो म्हटलेलं नाही.